पिकअपचे ब्रेक आणि शॉकअप बदलताना काय पाहावं: खान्देशातल्या उन्हात, घाटात, भरल्या गाडीसाठी

धुळ्यात पारोळा रोडवरच्या एका गॅरेजात माझ्या पिकअपची चारही चाकं काढून ठेवली होती. एप्रिल महिना, दुपारचे बारा. मिस्तरी आप्पांनी गोणपाटावर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. एक पुढचा ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबणारी पट्टी): थर संपून लोखंडी पट्टी उघडी पडलेली, कडा जळून पांढुरक्या. दुसरा मागचा लायनर (चाकाच्या ड्रमला आतून दाबणारा पट्टा): दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, तरी याच्यावर रिव्हेटच्या डोक्यापासून तीन मिलिमीटर थर शिल्लक. आप्पा म्हणाले, "भाऊ, पुढलं जयी गयं नी मागलं नवंच शे. कसं काय?" (पुढचं जळून गेलं आणि मागचं नवंच आहे.)

आदल्या रात्री मी इंदूरहून बटाट्याच्या पंचेचाळीस गोण्या घेऊन येत होतो. सेंधवा सोडून बिजासन घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल मऊ लागलं आणि पुढच्या वळणावर थेट तळाला गेलं. दुसरा गिअर कसाबसा पडला, हँडब्रेक ओढला, आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात चाक घालून गाडी थांबवली. कुणाला लागलं नाही. पण त्या रात्री घाटात बसून जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरं शोधता शोधता ब्रेक आणि शॉकअप कसे निवडायचे हे शिकलो. केळी, मिरची, कांदा, सिमेंट, बी-बियाणं वाहणाऱ्या आपल्या भागातल्या गाडीवाल्यांसाठी ते क्रमाने लिहितो.

दुकानात जाण्याआधी वजनकाट्यावर जा

आधी आरसी काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट कमाल वजन, दोन्ही असतात. दोन्हीतला फरक म्हणजे गाडीची खरी ताकद, आणि त्या फरकात तुमचं, क्लीनरचं आणि डिझेलचं वजनही धरायचं असतं. मग नेहमीसारखा माल भरून एकदा काटा करा. शक्य असेल तर फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन एक वजन आणि फक्त मागची घेऊन दुसरं. पिकअपमध्ये जादा माल जवळजवळ सगळा मागच्या धुऱ्यावर येतो, आणि हौदाच्या शेवटी जड गोण्या रचल्या की पुढचा धुरा उलट हलका होतो. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक निवडीत लागतील.

पंचेचाळीस गोण्या, म्हणजे सव्वादोन टन, हे माझ्या गाडीच्या आरसीत बसत नव्हतं. कोणता पॅड टाकला असता तर ते चाललं असतं, या प्रश्नाला उत्तर नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये आहे. पण दंड बाजूला ठेवून एक हिशेब करून पाहा. तीन टनांची गाडी तीनशे मीटर उंची उतरते तेव्हा जवळजवळ अडीच युनिट विजेइतकी ऊर्जा सुटते. घरातला 1500 वॅटचा पाणी तापवायचा रॉड सुमारे शंभर मिनिटं चालू ठेवावा, इतकी. तुम्ही तो उतार दहा-पंधरा मिनिटांत संपवता. यातली जेवढी उष्णता इंजिन घेत नाही, त्यातली बरीचशी चार चाकांतल्या ब्रेकना घ्यावी लागते. वर मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे गेलेला असतो, म्हणजे ब्रेक थंड व्हायला बाहेरची हवासुद्धा गरमच मिळते.

म्हणून माल आणि रस्ता दोन्ही ठरवून घ्या. सावदा-रावेरहून केळी भरून भुसावळ-जळगावच्या सपाट रस्त्याने जाणारी गाडी आणि धडगावहून चांदसैली घाट उतरून तळोद्याला येणारी गाडी, दोन्ही एकाच कंपनीच्या असल्या तरी त्यांचे ब्रेक सारखे झिजत नाहीत.

नेमकं काय बिघडलंय ते ओळखा

"ब्रेक कमी लागतोय, पॅड टाका" एवढ्यावर काम देऊ नका. पेडल काय सांगतंय ते बघा.

पेडल नेहमीसारखं कडक आहे, पाय जोरात दाबलाय, तरी गाडी थांबत नाही, आणि हे फक्त उतारावर गरम झाल्यावर होतं: पॅड किंवा लायनर तापून त्याची पकड गेली आहे. त्याचा दर्जा त्या कामाला पुरत नाही.

गरम झाल्यावर पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं आणि तासाभराने पुन्हा ठीक होतं: ब्रेक ऑइल उकळलं. ऑइलात वाफेचे बुडबुडे झाले की पाय त्या वाफेला दाबतो, चाकापर्यंत दाब पोचत नाही. माझं हेच झालं होतं.

गाडी थंड, उभी, इंजिन चालू, आणि पेडल एकसारखं दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं: मास्टर सिलिंडरचे (पेडलचा दाब ऑइलात सोडणाऱ्या भागाचे) रबर गेले, किंवा कुठेतरी गळती आहे. यात नवा पॅड टाकून काही होणार नाही.

सकाळपासूनच पेडल दगडासारखं: बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम मिळत नाही. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. जरासुद्धा हललं नाही तर आधी पाइप आणि पंप तपासा. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं: पंप थांबला की बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल असंच दगड होतं.

ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरतं: डिस्क वाकडी झाली, किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही. गाडी एका बाजूला ओढते: त्याच्या उलट बाजूचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकलाय किंवा व्हील सिलिंडर (ड्रममधला लायनर दाबणारा) काम करत नाही. लायनरवर तेल किंवा ग्रीस आलं तरी असंच होतं. तेल लागलेला लायनर धुऊन पुन्हा वापरायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. तेल आत मुरतं आणि गरम झालं की बाहेर येतं.

पुढचे पॅड, मागचे लायनर

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पॅडचे ढोबळ तीन प्रकार मिळतात. ऑरगॅनिक मऊ असतात, आवाज करत नाहीत, पण जास्त उष्णतेत पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाची भुकटी, तार असते. ते थोडा आवाज करतात, डिस्क थोडी जास्त झिजवतात, पण भरल्या गाडीने घाट उतरायला तेच बरे. सिरॅमिक स्वच्छ आणि शांत, पण ते मुख्यतः कारसाठी. माल वाहणाऱ्या गाडीत त्यासाठी जादा पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगल्या पॅडच्या पाठीवर किंवा कडेला बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांची जोडी छापलेली असते: एफएफ, जीजी, ईई अशी. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ई म्हणजे घर्षणाचा आकडा 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. आपल्याला दुसरं अक्षर महत्त्वाचं. एफई लिहिलेला पॅड गावात छान लागेल आणि घाटात दगा देईल. एफएफ असेल तर निश्चिंतपणे घ्या. जीजी घेताना मात्र मागचे ब्रेकही त्या तोडीचे आहेत ना ते पाहा, नाहीतर सगळं काम पुढचीच चाकं करतील.

मागचा लायनर दोन तऱ्हेचा असतो, चिकटवलेला आणि रिव्हेट मारलेला. रिव्हेटवाल्यात थर डोक्यापासून एक-दीड मिलिमीटरवर आला की बदला, कारण डोकं ड्रमला लागलं की ड्रमला चर पडतो. पुढच्या पॅडचा थर तीन मिलिमीटर राहिला की वेळ झाली. जुन्या शूला (लायनर ज्यावर बसतो त्या लोखंडी कमानीला) गल्लीत लायनर रिव्हेट करून देणारे कारागीर आपल्या गावांत आहेत आणि त्यांचा हात चांगला असतो. प्रश्न लायनर कुठला, हा आहे. नाव नसलेला, किलोवर मिळणारा पट्टा नको. राणे, ब्रेक्स इंडिया, बॉश अशा गाडी-कंपन्यांना माल पुरवणाऱ्या नावांतला घ्या, नाहीतर कंपनीचाच. खोक्यावरचा पार्ट नंबर, पॅडवरचा नंबर आणि गाडीचं मॉडेल-वर्ष, तिन्ही जुळवा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वजनक्षमतेप्रमाणे ड्रमची रुंदी वेगळी असू शकते, म्हणून जुना शू सोबत नेऊन काउंटरवर शेजारी ठेवून पाहिला की चूक होत नाही.

डिस्क आणि ड्रम मोजल्याशिवाय नवा माल बसवू देऊ नका. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, ड्रमच्या आत कमाल व्यास. लेथवर घेऊन साफ केल्यानंतरही माप त्या मर्यादेत राहिलं पाहिजे. ड्रमचं आणखी एक आहे: तो तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, म्हणून गरम ड्रममध्ये पेडल आणखी खाली जातं. लेथवर घासून घासून पातळ केलेला ड्रम लवकर तापतो. हद्दीला आलेला ड्रम भंगारात द्या.

आणि धूळ. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने फुर्रकन उडवायची सवय सगळीकडे आहे. जुन्या किंवा खुल्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ती धूळ फुफ्फुसात कायमची बसते. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायला सांगा. गॅरेजात हाताखाली बहुधा पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं असतं आणि हे काम त्याच्याकडेच येतं, म्हणून मी उभा राहून ते सांगतो.

ब्रेक ऑइलवर पैसे वाचवू नका, सगळ्या कामात सर्वांत स्वस्त तेच असतं. बाटलीवर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं. ताजं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 निदान 230 पर्यंत. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि ओलं झाल्यावर हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. माझ्या गाडीत ते चार वर्षं बदललेलं नव्हतं, चहासारखं काळपट झालं होतं. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, सगळं काढून डॉट 4 भरा. आधीच उघडून ठेवलेली बाटली घेऊ नका. डॉट 5 हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. सोबत रबरी होजपाइप वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या तर त्याच वेळी बदला.

जादा पाटा आणि ती लहानशी दांडी

आता आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. पुढचे पॅड जळाले आणि मागचे लायनर नवेच, हे कसं?

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या धुऱ्याजवळ चॅसिसला एक वाल्व्ह असतो आणि त्याची दांडी धुऱ्याला जोडलेली असते. त्याला लोड सेन्सिंग वाल्व्ह म्हणतात. माल भरला की पाटे (धुऱ्यावरच्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) दबतात, चॅसिस खाली येते, दांडी फिरते आणि वाल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की चॅसिस वर राहते, आणि मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये म्हणून वाल्व्ह दाब कमी करतो. वजन किती आहे हे त्याला फक्त चॅसिस आणि धुरा यांच्यातल्या अंतरावरून कळतं.

आणि आपण काय करतो? गाडी घेतल्यावर महिन्याभरात मागे एक-दोन जादा पाटे टाकतो. मीही टाकले होते. मग दोन टन भरले तरी गाडी बसत नाही, वाल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि मागच्या ब्रेकला अर्धवट दाब जातो. सगळा भार पुढच्या डिस्कवर. पुढचे पॅड जळतात, कॅलिपर तापतो, त्यातलं ऑइल उकळतं. बिजासनच्या त्या वळणावर पेडल तळाला जाण्याची सुरुवात दोन वर्षं आधी टाकलेल्या पाट्यात होती.

याच्या उलट चूकही पाहिली आहे: दांडी गंजून तुटली म्हणून वाल्व्हचा हात तारेने "भरलेली गाडी" या जागेवर बांधून टाकलेला. त्या गाडीने भरल्यावर छान ब्रेक घेतला आणि पावसात रिकामी परत येताना आडवी झाली.

म्हणून गाडीखाली वाकून ती दांडी शोधा. आहे का, सरळ आहे का, तिचे रबरी बुश शाबूत आहेत का, हाताने हलवल्यावर वाल्व्हचा हात फिरतो का? पाटे कंपनीच्या मापाचेच ठेवणं उत्तम. पाटे थकून सपाट झाले असतील तर जादा पाटा न घालता पूर्ण जोड कंपनीचा बदला. पाटे बदलले, ते धुऱ्याला आवळणारे यू-बोल्ट उघडले, काहीही केलं तरी दांडीची लांबी कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा लावून घ्या. आणि पुढचे-मागचे थर किती झिजले ते दर सर्व्हिसला वहीत लिहा. पुढचे दोनदा बदलून झाले आणि मागचे हललेच नाहीत, तर गोणपाटावर मांडलेली ती जोडी आठवा.

शॉकअप

शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात. शॉकअपचं काम पाट्यांची उसळी थांबवण्याचं, चाक रस्त्याला धरून ठेवण्याचं. "हेवी शॉकअप टाका, माल जास्त बसेल" हे गैरसमजातून बोललं जातं.

पण ब्रेकशी त्याचा थेट संबंध आहे. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. खडबडीत रस्त्यावर चाक उसळून क्षणभर हवेत राहिलं तर त्या क्षणाला त्या चाकाचा ब्रेक शून्य.

शॉकअप गेला हे ओळखताना हौद दाबून उसळी बघण्याची कारची पद्धत पिकअपला पुरी पडत नाही, कारण पाटे एकमेकांवर घासूनच बरीच उसळी थांबवतात. त्यापेक्षा टायरवरून हात फिरवा. ठरावीक अंतराने खोलगट खड्डे लागले तर चाक उड्या मारतंय. शॉकअपच्या अंगावर ओलं तेल आणि त्यावर काळ्या मातीचा लेप दिसला तर सील गेलं. कोरडी धूळ असेल तर हरकत नाही. डोळ्याचे (शॉकअपच्या टोकाच्या कडीचे) रबर बुश फुटून धातूला धातू लागत असेल तर आवाज येतो, अशा वेळी फक्त बुशने भागू शकतं.

निवडताना साधा ऑइलचा की गॅस भरलेला, हा प्रश्न येतो. सतत खड्डे बसले की साध्या शॉकअपमधल्या ऑइलला फेस येतो आणि तो ढिला पडतो. गॅस भरलेल्यात दाबामुळे फेस कमी येतो. शेतातून माल उचलून कच्च्या रस्त्याने रोज वीस-तीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मी गॅसचाच सांगेन. फक्त डांबरी रस्त्यावर असाल तर कंपनीचा साधा पुरतो. मोनोट्यूब (एकाच नळीचा) महाग असतो, आणि बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तर आतला पिस्टन अडकतो, म्हणून आमच्या पाणंद रस्त्यांना तो नको वाटतो.

माप बघताना पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण दाबल्यावरची, दोन्ही लांब्या जुळवा. जादा पाट्यांनी उंच झालेल्या गाडीत कंपनीच्या मापाचा शॉकअप खड्ड्यात पूर्ण ताणला जातो आणि डोळा तुटतो. एकाच धुऱ्यावरचे दोन्ही सोबत बदला.

बसवताना समोर उभे राहा

नवा ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा) शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यात हवा फिरलेली असते. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून दाबायला सांगा, आतली हवा वर निघून जाते आणि मधेच बसणारा झटका जातो. डोळ्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर. जॅकवर लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

ड्रममध्ये पुढचा आणि मागचा शू काही गाड्यांत सारखे नसतात, लायनरची लांबी वेगळी असते. काढताना जसे होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अ‍ॅडजस्टरचं चाक फिरतं ना, आणि डाव्या-उजव्या बाजूची अदलाबदल झाली नाही ना, तेही पाहा. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांगा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. हवा काढण्याचा क्रम गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच धरा.

मग गाडी रिकामी घेऊन मोकळ्या रस्त्यावर जा. ताशी 50 वरून 10 पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग कमी करा. दर दोनदांच्या मध्ये किलोमीटरभर ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. गरम असताना पेडल दाबून उभे राहू नका. याने पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि पूर्ण माल टाळा.

पहिल्या घाटाला वरच थांबून गिअर निवडा. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच्याहून मोठ्या गिअरमध्ये उतरू नका. पाय ब्रेकवर हलका ठेवून घासत उतरण्यापेक्षा वेग वाढला की एकदा ठाम दाबा, खाली आणा, सोडा. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली की लगेच हलका ब्रेक देत शंभर-दोनशे मीटर चाला, ड्रम सुकतो.

खाली उतरल्यावर सुरक्षित जागी थांबून चारही चाकांजवळ हाताचा पंजा न लावता धरा. डिस्कला बोट लावू नका, भाजेल. डावं-उजवं सारखं गरम असावं. मागचं अगदी थंड आणि पुढून धग येत असेल, तर पहिल्यांदा वाल्व्हची दांडी बघा. एकच चाक वेगळं तापलं असेल तर तिथला कॅलिपर किंवा शू अडकलाय. पाचशे किलोमीटर झाले की गॅरेजात परत जाऊन यू-बोल्टचे नट पुन्हा आवळून घ्या, शॉकअपचे बोल्ट पाहा, ऑइलची पातळी पाहा आणि चारही चाकांच्या थराचं पहिलं माप वहीत त्या तारखेसमोर लिहा.